तिसऱ्या रांगेतला कडेचा

आमच्या साडूंइतका परेडचा मनापासून तिटकारा करणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडायचा नाही, आणि तो तिटकारा इतक्या ताठ मानेनं, इतक्या तालात करणारा तर सबंध पृथ्वीवर नसेल. परेड हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी ते आधी सावधानमध्ये येतात आणि मग शिव्या द्यायला लागतात. शिव्याही एका लयीत. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ कुठल्याशा पलटणीला हुकूम देतोय. बरं, शिव्या संपल्यावर ते सावकाश विश्राममध्ये येतात, तोवर समोरच्यानं हलायचं नाही. मी एकदा मध्येच चहा घ्यायला उठलो होतो. मला परत जागेवर बसवून पहिल्यापासून शिव्या दिल्या होत्या.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं जामबागेतलं, निजामाच्या काळापासूनचं. आजोबा वकील, वडील वकील, दोन्ही काका मास्तर, आई शाळेत भूगोल शिकवायची. या घरातलं मूल आधी मुद्दा मांडतं आणि मग रडतं, अशी पार कोठीच्या बाजारापर्यंत ख्याती होती. आमटीत मीठ कमी पडलं तरी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होत आणि निकाल ताकभातापर्यंत राखून ठेवला जाई. अशा घरात हे एकटेच मुखदुर्बळ निपजले. फौजेत का गेलात, असं विचारलं की म्हणतात, "घरात सगळे ओरडायचे, अन् ऐकायला मी एकटा. फौजेत ओरडायला एकटा, अन् ऐकायला सगळे. मला ते बरं वाटलं." शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार होऊन परत आले, मग बरीच वर्षं एका शाळेत मुलांना कवायत शिकवली, आणि आता तारनाक्याला एका अपार्टमेंटमध्ये बायको आणि आईसह राहतात. मी मूळचा पुण्याचा. कंप्युटरच्या नोकरीपायी इथं आलो, याच घरच्या सुनेची धाकटी बहीण केली आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलो. ते मला 'पुणेकर' म्हणतात, तेही एखाद्या जुनाट दुखण्याचं नाव घ्यावं तसं. मी त्यांना भाऊ म्हणतो.

भाऊंबरोबर चालायला जाणं हा एक प्रसंगच असतो. त्यांचा पाय शेजारच्याच्या पायाशी जुळलाच पाहिजे. डाव्याबरोबर डावा, उजव्याबरोबर उजवा. जरा चुकलं की ते चालता चालता एक बारीकशी उडी मारतात आणि पाय बदलून घेतात. फौजेत याला 'कदम बदल' म्हणतात. तारनाक्याच्या भाजीबाजारात याला 'सार को क्या हुआ' म्हणतात. माझी मेव्हणी सांगते, लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती मोठ्या खुशीत होती, की हा माणूस माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो, किती जीव आहे माझ्यावर. पुढे एकदा तो दूधवाल्याच्या म्हशीशीही जुळवून घेताना दिसला, तेव्हा तिचा भ्रम फिटला. दोन माणसं दोन चालींनी चालत असतील तर भाऊंची फारच पंचाईत होते. मी आणि बायको एकदा भांडून रस्त्यानं निघालो होतो, ती पुढं तरातरा आणि मी मागं फरफटत, आणि हे मधोमध. थोडा वेळ त्यांनी आळीपाळीनं उड्या मारून पाहिल्या. मग म्हणाले, "आधी तुम्ही दोघं ठरवा काय ते, मी इथं थांबतो," आणि खरोखरच एका शिंप्याच्या दुकानापुढे हात मागे बांधून विश्राममध्ये उभे राहिले. शिंप्याची गिऱ्हाइकं बघायला लागली. आम्हाला मुकाट्यानं मिटवून घ्यावं लागलं.

बँड वाजला की मात्र माणूस हातचा गेला. मेव्हणीनं एकदा त्यांना मलकपेठेत कढीपत्ता आणायला पाठवलं. तिथं एका बारातीचा बँड नेमकी कूचाची धून वाजवत चालला होता. भाऊंनी कढीपत्ता घेतला, वळले, आणि बँडच्या मागोमाग निघाले ते थेट शादीखान्यात पोहोचले. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. नवऱ्यामुलाच्या चाचांनी तर त्यांचा हात धरून सांगितलं, की मियाँ, बाराती खूप पाहिले, पण असा सलीक्यानं चालणारा आजवर पाहिला नाही, आणि पहिल्याच पंगतीला बसवून शाकाहारी म्हणून बगारा भात आणि दोन वाट्या खुबानी का मीठा खाऊ घातला. घरी आले तेव्हा बाहीला अत्तर, गळ्यात चमेलीचा हार आणि हातात कोमेजलेला कढीपत्ता. मेव्हणीनं जाब विचारला तर अगदी निरागसपणे म्हणाले, "मी कुठं गेलो? पाय गेले. मी त्यांच्याबरोबर होतो."

आणि हाच माणूस परेडबद्दल काय बोलतो ते ऐका. म्हणतो, परेड म्हणजे बघणाऱ्याचा सण आणि करणाऱ्याचा उपास. पहाटे कोंबड्याच्याही आधी उठवतात, दवात उभं करतात, साहेब येईपर्यंत उभं राहायचं, साहेब आला की त्याच्याहून मोठा साहेब येईपर्यंत उभं राहायचं. लोक म्हणतात, जवानांची छाती कशी अभिमानानं फुगलीय. आत दोन स्वेटर असतात. लोक म्हणतात, चेहऱ्यावर काय तो करारीपणा. लघवी रोखून धरलेली असते. सगळ्यात मोठं संकट म्हणजे नाक. एरवी वर्षभर गप्प बसलेलं नाक सावधानचा हुकूम कानावर पडला की खाजायला लागतं, आणि तोफखाना आला तरी त्याला हात लावायची परवानगी नाही. एकदा बायकोचे कुणी मुंबईचे मावसभाऊ आले होते. त्यांनी भारावून विचारलं, की सलामी देत पुढून जाताना मनात देशाचा विचार येत असेल नाही? भाऊ म्हणाले, "हौ, येतो की. एवढा मोठा देश आहे, इतकी माणसं आहेत, एकानं तरी येऊन माझं नाक खाजवावं, असा येतो." मावसभाऊ दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत गेले.

फार वेळ उभं राहिलं की माणसं भोवळ येऊन पडतात. त्यावर फौजेतला रामबाण उपाय म्हणजे बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची. वरून माणूस पुतळ्यासारखा, आत बोटांचा बाजार भरलेला. भाऊंनी हे ज्ञान सगळ्या जगाला वाटायचं मनावर घेतलंय. आरतीला उभे असलेल्या पुजाऱ्यांना, रिसेप्शनमध्ये स्टेजवर ताटकळलेल्या नवरा-नवरीला, बँकेच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते जवळ जाऊन हळूच सांगतात, पायाची बोटं हलवा. एका शोकसभेत श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले आणि अध्यक्ष 'बसा' म्हणायचंच विसरून बोलत सुटले. भाऊंनी कानोकान निरोप फिरवला. थोड्याच वेळात अख्खी रांग चपलांत बोटं वळवळवत होती. अध्यक्षांना वाटलं सतरंजीखाली मुंग्या झाल्यात, आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. गेलेल्या माणसाचे चिरंजीव नंतर भाऊंचे आभार मानून गेले.

तेव्हा मला वाटायचं, असेल एकेकाचं वेड. पण एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. सव्वीस जानेवारीला सकाळी टीव्हीवर दिल्लीची परेड सुरू झाली की भाऊ टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरत आणि ती संपल्याशिवाय बाहेर येत नसत. आदल्या दिवशीच कुणी पाण्याची टाकी भरून ठेवत असे. बाहेर त्यांची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या माई, नव्वदी उलटलेल्या, टीव्हीला नाक लावून बसलेल्या असत. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण पायदळाची तुकडी आली की पडद्यावर बोट ठेवून दरवर्षी तेच सांगायच्या. भाऊ तरुणपणी या परेडीत होते, जामबागेत शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला होता, गल्लीतली झाडून सगळी माणसं जमली होती, आणि माईंनी बरोब्बर ओळखून बोट लावलं होतं, "तो बघा, तिसऱ्या रांगेतला कडेचा. माझा." मग गल्लीनं टाळ्या वाजवल्या, वडिलांनी पेढे वाटले, आणि वकिलाच्या घरातला शिपाई झालेला मुलगा म्हणून जो एक कमीपणा होता, तो त्या दिवशी धुऊन निघाला. ही हकिगत सुरू झाली की न्हाणीघरातला नळ आणखी मोठ्यानं वाहायला लागायचा.

शेवटी एकदा त्यांनीच मला सांगितलं. आम्ही कोठीच्या बाजूला एका इराण्याकडे चहा पीत होतो. भाऊंनी उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं, ते विरघळून पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, प्रत्येक तुकडीबरोबर काही जवान जादा असतात. त्यांना 'एक्स्ट्रा' म्हणतात. तेच कपडे, तेच बूट, तेवढीच थंडी, महिनोन्‌महिने तोच सराव. फक्त त्या दिवशी कुणी आजारी पडला किंवा भोवळ येऊन कोसळला तरच त्याच्या जागी एक्स्ट्रा उभा राहणार. भाऊ एक्स्ट्रा होते. "देवाला काय मागायचं तेपण कळत नव्हतं, पुणेकर. कुणीतरी पडू दे म्हणायचं, तर पडणार तो आपलाच दोस्त." कुणी पडलं नाही. बँड सुरू झाला, तुकडी पुढं गेली, आणि भाऊ मागं ट्रकमध्ये सगळ्यांचे स्वेटर मांडीवर घेऊन बसले. सुटीवर घरी आले तर स्टेशनवर काका हार घेऊन उभे. खरं सांगायला त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं. "पण आमच्या घरात बोलायला माझा नंबर कधी लागलाय?" पुढे पुढे ते सांगणंच अवघड होऊन बसलं.

मी म्हटलं, आता सांगून टाका की, आता घरात ओरडणारं आहे कोण. तर ते कधी नव्हे इतकं बोलले. म्हणाले, "तिचे डोळे गेले आता. जे बघितलंय तेवढंच तिच्याजवळ आहे. त्यातलं तेवढं एक काढून घेऊ काय? माझ्या मनात वेगळंच आहे. एकदा तिच्यापुढून खरंच परेडीत जायला मिळालं पाहिजे. म्हणजे तिचं ते खोटं राहणार नाही. मग परेडीचं तोंड बघणार नाही, शप्पथ." आणि मग चहातला बिस्किटाचा गाळ चमच्यानं काढून खाल्ला आणि मला बजावलं, की हे कुणाला सांगायचं नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोला सांगणं हे कुणाला सांगण्यात धरत नाहीत, निदान पुण्यात तरी.

त्याच हिवाळ्यात आमच्या सोसायटीला अवदसा आठवली. आमचे सेक्रेटरी, एक भलते उत्साही तेलुगू गृहस्थ, त्यांनी जाहीर केलं की यंदा सव्वीस जानेवारीला नुसतं झेंडावंदन नाही, पार्किंगमध्ये रहिवाशांची परेड होणार. भाऊंना शिकवायची विनंती झाली. भाऊ "नक्को" म्हणाले आणि दार लावून घेतलं. मग सेक्रेटरींनी मोबाइलवर बघून स्वतःच सराव घेतला. आमच्या इमारतीतली मंडळी म्हणजे पुण्यामुंबईहून आलेली आयटीतली पोरं आणि त्यांच्या बायका, शाळा सुटल्यापासून ज्यांनी रांग फक्त विमानतळावर पाहिलेली. डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढं येत होता आणि सगळी पलटण कळसूत्री उंटांसारखी झुलत होती. भाऊ बाल्कनीत दाढी करत होते. मी खालून बघत होतो, त्यांचा ब्रश हळूहळू थांबला. सेक्रेटरींनी 'दाहिने मुड'चा हुकूम दिला आणि निम्मी परेड उरलेल्या निम्म्या परेडीसमोर तोंडाला तोंड लावून उभी राहिली. दुसऱ्या क्षणी भाऊ अर्ध्या गालाला साबण, अंगात बनियन, अशा अवस्थेत जिना उतरून खाली हजर. सेक्रेटरींच्या हातातली शिटी त्यांनी विनाशब्द काढून घेतली.

त्यानंतरचे दिवस आमच्या पायांना अजून आठवतात. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस फौजी हिंदीत असा काही बरसायचा, की चौथ्या मजल्यावरची कबुतरं कायमची निघून गेली. एक जण कानात इयरफोन घालून, अमेरिकेशी मीटिंग चालू ठेवून कदमताल करत होता. भाऊ "थम" म्हणून गरजले तशी मीटिंगमधली माणसंही गप्प झाली. पलीकडच्या साहेबानं म्हणे नंतर चौकशी केली, की हे नवे मॅनेजर कोण, यांचं सगळे ऐकतात. पण खरोखरच आम्ही सुधारलो. तीन रांगा झाल्या, हात-पाय आपापल्या जागी आले. सगळ्यांना एकसारखे पांढरे शर्ट, काळ्या पँटी आणि टोप्या ठरल्या. आणि भाऊंनी सांगितलं, की एक्स्ट्राशिवाय परेड होत नसते, आपल्याला एक एक्स्ट्रा लागेल. कोण? "मीच," भाऊ म्हणाले. सेक्रेटरी चक्रावले. अहो, तुम्ही उस्ताद, तुम्ही सर्वांत पुढं पाहिजे. भाऊ ढिम्म हलले नाहीत. त्यांनीही तसाच पांढरा शर्ट शिवून घेतला, पदकं घरी ठेवली, आणि रोज तिसऱ्या रांगेच्या मागं एकटे चालायला लागले.

पाहुणे म्हणून एका पुढाऱ्याला बोलावायचं चाललं होतं, पण त्यांना त्या सकाळी इतके झेंडे फडकवायचे होते की आमचा नंबर दुपारी लागत होता. मग इमारतीतल्या सगळ्यांत वडील म्हणून माईंनाच प्रमुख पाहुण्या करायचं ठरलं. माई तयार झाल्या, पण हातचं राखून. दिल्लीचं बघितलेल्या बाईनं पार्किंगमधलं काय बघायचं, पण तुम्ही म्हणता तर येते, असं म्हणाल्या. भाऊंच्या तोंडावरची रेषही हलली नाही. त्या रात्री त्यांनी बूट मात्र दोनदा पॉलिश केले, असं मेव्हणीनं सांगितलं.

मी बायकोला म्हटलं, बघ, आता माईंपुढून जायची संधी आलीय आणि हा माणूस रांगेच्या मागं उभा. स्वतः आत घुसायला काय झालं? बायको म्हणाली, ते मरतील पण स्वतःहून आत जाणार नाहीत, एक्स्ट्रा आहेत ना. कुणीतरी पडलं पाहिजे. असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिसऱ्या रांगेत मधोमध होतो. मी म्हटलं, मी का म्हणून? तर म्हणते, "आयुष्यात धड कवायत जमली नाही तुम्हाला, निदान पडायला तरी जमेल." वकिलांच्या सुनेच्या बहिणीशी युक्तिवादात कुणी जिंकलेलं नाही.

सव्वीस तारखेला आम्ही रांगेत उभे राहिलो. माई सतरंजीवर मांडलेल्या खुर्चीत, जरीकाठी इरकल नेसून, शाल पांघरून. सेक्रेटरी सर्वांत पुढं. माझ्या पाठीमागं भाऊ, टोपी भुवईला टेकलेली. मी ठरल्याप्रमाणं डोळे मिटले आणि जरासा डुललो. मागून कुजबुज आली, "पुणेकर, बोटं." मी आणखी डुललो. मागून एका हातानं माझा पट्टा धरला आणि मला खांबासारखा सरळ केला. मी गुडघे सैल सोडले, तर त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यामागं येऊन मला ताठ करून गेला. मी पोट धरलं तर तोंडात ओवा आला. मी जीभ बाहेर काढली तर तीवर ग्लुकोज पडलं. अहो, माणसानं पडायचं म्हटलं तर पडूही देऊ नये? एक्स्ट्राचं काम कुणी पडलं तर त्याची जागा घेणं, आणि हा भला माणूस जीव तोडून मला उभा ठेवत होता. त्यांच्या ध्यानातच येईना. स्पीकरवर बँडची खरखर सुरू झाली. शेवटी मी सरळ मान मागं वळवली आणि म्हणालो, "भाऊ, मी पडतोय. पडू द्या मला."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माईंच्या खुर्चीकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तिकडं बघवेना. पण माणूस पक्का. हळूच म्हणाले, हे नियमात बसत नाही. ठणठणीत माणसाच्या जागी एक्स्ट्रा घेता येत नाही. आता काय करावं? आणि अचानक मला सुचलं. "भाऊ," मी म्हटलं, "माझं नाक खाजतंय. मला आता राहवत नाही." असं म्हणून मी भर रांगेत, सावधानमध्ये, दोन्ही हातांनी कराकरा नाक खाजवलं. पलटणीत याहून मोठा गुन्हा नाही. भाऊंच्यातला उस्ताद जागा झाला. "लाइन तोड," ते म्हणाले. मी बाहेर पडलो. ते माझ्या जागेवर उभे राहिले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

मी जाऊन माईंच्या खुर्चीजवळ कट्ट्यावर बसलो. परेड निघाली. आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं, आमच्यासारख्या भुसभुशीत माणसांत भाऊ एकटे उठून दिसतील. पण त्यांनी आम्हाला, म्हणजे त्यांना, असं काही घडवलं होतं की सगळे एक झाले होते. एकच पाऊल, एकच हात, सगळ्या टोप्या एका रेषेत. 'दाहिने देख' झालं, सगळ्या माना खटकन माईंकडे वळल्या. मला भाऊ कोण ते शोधावं लागलं. माई पुढं झुकल्या, डोळे बारीक केले, आणि त्यांचं बोट वर झालं.

"तो बघ," त्या मला म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतला कडेचा. माझा."

कडेला चौथ्या मजल्यावरचा एक मुंबईकर पोरगा होता, इयरफोनवाला. भाऊ मधोमध होते, माझ्या जागेवर. मी सांगायला तोंड उघडलं. पण माई पदरानं डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, दिल्लीलाही अगदी असाच चालला होता, जरा बदलला नाही. या घरात आपला नंबर लागत नसतो, हे मलाही आता समजलं होतं. मी तोंड मिटलं.

परेड सुटल्यावर भाऊ घामानं निथळत माझ्याकडे आले. विचारलं, माईनं बघितलं? मी म्हटलं, बघितलं. मला? मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. ते म्हणाले, खरं सांगा. मी सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस मोडून पडतोय. तर ते हसायला लागले. असे हसले की टोपी पडली, ती उचलायलाही सुचेना. म्हणाले, "बरोबर आहे, पुणेकर. परेडीत माणूस ओळखू आला तर परेड चुकली, असं आमचे उस्ताद सांगायचे. माईनं ओळखलं असतं, म्हणजे माझा पाय चुकला असता." मग टोपी झटकत झटकत हळू आवाजात बोलले, "दिल्लीचा तो कडेचा जो कोण होता, त्याचीपण आई कुठंतरी बघत असेल. तिनं तिसऱ्याच कुणाला बोट लावलं असेल. एवढ्या आया बघतात, कुणी ना कुणी कुणाला तरी आपला म्हणतेच. मी उगाच इतकी वर्षं आंघोळ करत बसलो."

नंतर ते माईंपुढे जाऊन वाकले. माईंनी त्यांच्या दंडाला हात लावून विचारलं, होतास ना रे? "हौ, माई," भाऊ म्हणाले, "होतो." त्या घरात तेवढं एक वाक्य त्यांना अखेर पुरं बोलायला मिळालं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माई गेल्या. पुढच्या सव्वीस जानेवारीला आम्ही सगळे सकाळी भाऊंकडे जमलो. टॉवेल दोरीवर होता, तो तिथंच राहिला. भाऊ माईंच्या खुर्चीत टीव्हीपुढे बसले होते. पायदळाची तुकडी आली, तसे ते पुढं झुकले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तो बघा, तिसऱ्या रांगेतला कडेचा. आपला." मेव्हणीनं विचारलं, कोण हो, ओळखीचा आहे का? भाऊ म्हणाले, नाही, असेल कुणाचा तरी, पण त्याची आई दुसरीकडेच बघत असेल, तोवर आपण बघू. तुकडी पडद्यावरून निघून गेली तरी त्यांचं बोट तिथंच होतं. मी खाली बघितलं, तर खुर्चीशी त्यांच्या पायाची बोटं हलत होती.